आठवडा द्यायचा की पॅकेज घ्यायचं? टाइमशेअर एक्स्चेंज आणि ऑल-इन्क्लुझिव्ह रिसॉर्टचा हिशेब

टाइमशेअर म्हणजे रिसॉर्टमधल्या युनिटात (राहायच्या जागेत) दरवर्षी एक आठवडा राहायचा विकत घेतलेला हक्क. तो आठवडा एक्स्चेंज कंपनीला देऊन त्याबदल्यात दुसऱ्या रिसॉर्टमधला आठवडा घेता येतो. मात्र असा आठवडा देऊन ऑल-इन्क्लुझिव्ह रिसॉर्ट घेतलं, की हातात येते ती फक्त खोली. नावात 'सगळं आलं' असलं तरी जेवण, पेयं आणि करमणुकीचे पैसे रिसॉर्ट वेगळे घेतं, तेही माणशी आणि रात्रीमागे. एक्स्चेंज कंपनीला दिलेल्या शुल्काचा या रकमेशी काही संबंध नसतो. या प्रकारच्या रिसॉर्टमध्ये खोलीपेक्षा खाण्यापिण्याचाच खर्च मोठा असतो, त्यामुळे 'राहणं फुकटात पडलं' हे वाक्य ऐकायला गोड असलं तरी त्यावर निर्णय घेऊ नये.

आरसीआय (स्थापना १९७४) आणि इंटरव्हल इंटरनॅशनल (१९७६) या दोन मोठ्या एक्स्चेंज कंपन्या. दोन्हींकडे मेक्सिको आणि कॅरिबियन भागातली ऑल-इन्क्लुझिव्ह रिसॉर्ट्स भरपूर आहेत आणि अदलाबदल बहुतेक वेळा तिथलीच होते, म्हणून पुढचा हिशेब डॉलरमध्ये केला आहे. आकडे केवळ उदाहरणाचे आहेत. त्यांच्या जागी आपले घालावेत, रीत तीच राहते.

दोन माणसांचा हिशेब

समजा, तुमच्या आठवड्याचा वार्षिक मेंटेनन्स १,००० डॉलर आहे आणि एक्स्चेंज फी २५० डॉलर. रिसॉर्टचं सक्तीचं शुल्क प्रत्येक प्रौढामागे रात्रीला ११० डॉलर. दोघांचे सात रात्रींचे १,५४० झाले, फी धरून १,७९०. हीच खोली थेट पॅकेजमध्ये (खोली आणि खाणंपिणं एकाच दरात) करांसह माणशी रात्रीला १८० डॉलरला मिळत असेल, तर दोघांचे २,५२० होतात. म्हणजे एक्स्चेंजमध्ये ७३० डॉलर वाचले.

आता मेंटेनन्सचे १,००० त्यात धरा. एक्स्चेंजचा खर्च २,७९० वर जातो आणि पॅकेजच २७० नं स्वस्त ठरतं. मग मेंटेनन्स धरायचा की नाही? यावर लोक तासन् तास वाद घालतात. खरं तर प्रश्न वेगळा आहे: हा आठवडा एक्स्चेंजला दिला नसता, तर त्याचं काय झालं असतं? तो वायाच जाणार असेल, तर मेंटेनन्स कसाही गेलेलाच आहे, तो धरू नका. आठवडा भाड्यानं जाऊ शकत असेल, तर जाहिरात आणि कमिशन वजा करून हाती येणारं भाडं धरा. या उदाहरणात ते ७३० डॉलरच्या वर असेल, तर आठवडा भाड्यानं द्या आणि पॅकेज रोखीनं घ्या. टाइमशेअर विकत घ्यायचं की नाही हे अजून ठरायचं असेल, तर मात्र मेंटेनन्स पूर्ण धरा, खरेदीची किंमतही धरा. विक्रेत्याच्या कागदावर हे दोन आकडे शेजारी शेजारी क्वचितच दिसतात.

करांचं विसरू नका. डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये १८ टक्के आयटीबीआयएस (तिथला मूल्यवर्धित कर) आणि शिवाय मूळ दरावर १० टक्के सेवा आकार असतो. तिथलं रिसॉर्ट ११० चा दर करांशिवाय सांगत असेल, तर तो १४०.८० होतो, दोघांचा आठवडा १,९७१ वर जातो आणि ७३० ची बचत ३०० च्या खाली येते. मेक्सिकोत असाच कर, आयव्हीए, १६ टक्के आहे. कॅनकूनसारख्या ठिकाणी स्थानिक पालिकेचा पर्यावरण-स्वच्छता आकारही रात्रीमागे भरावा लागतो. रक्कम किरकोळ, पण चेक-इनला मागितली की माणूस चिडतो.

मुलं असली की गणित उलटतं

वरच्याच दरांत १४ आणि १६ वर्षांची दोन मुलं घाला. कित्येक रिसॉर्टच्या शुल्क-तक्त्यात बाराव्या-तेराव्या वर्षापासून प्रौढ दर लागतो. चौघांचे सात रात्रींचे ३,०८० आणि फी धरून ३,३३०. थेट पॅकेजमध्ये तिसऱ्या-चौथ्या माणसाला अर्धा दर असेल तर एकूण ३,७८०, म्हणजे एक्स्चेंज अजूनही ४५० नं बरं. पण 'मुलं मोफत' अशी सवलत चालू असेल तर पॅकेज २,५२० वर येतं आणि एक्स्चेंज ८१० डॉलरनं महाग पडतं. या सवलती थेट ग्राहकांसाठी असतात. एक्स्चेंजवर आलेल्यांना सहसा मिळत नाहीत. मुलाचं वय मुक्कामाच्या तारखेचं धरतात, बुकिंगच्या दिवसाचं नाही. मधल्या काळात वाढदिवस येत असेल तर तक्ता पुन्हा बघा.

याच कुटुंबानं तोच आठवडा देऊन स्वयंपाकघरासह दोन बेडरूमचं युनिट घेतलं, तर फी २५० आणि दिवसाला ९० डॉलर खाण्याचे धरून ६३०, म्हणजे एकूण ८८०. ३,३३० विरुद्ध ८८०. सुट्टीत ओट्यापाशी उभं राहायचं नाही हे कारण रास्त आहे, पण त्याची किंमत इथे जवळजवळ अडीच हजार आहे.

मोठं युनिट देऊन हॉटेलची खोली

पैशांइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे काय देऊन काय घेतो. एक्स्चेंजच्या यादीत '६/४' असं लिहिलेलं दिसतं: जास्तीत जास्त सहा माणसं, त्यातली चार खासगी झोपण्याच्या जागेत. ऑल-इन्क्लुझिव्हमधल्या बऱ्याच खोल्या '४/२' किंवा '२/२' असतात आणि स्वयंपाकघर नावापुरतं किंवा नाहीच. भरपूर मागणीचा दोन बेडरूमचा आठवडा देऊन अशी खोली घेणं म्हणजे नोट देऊन चिल्लर न मोजता खिशात टाकणं.

आरसीआयमध्ये हे उघड दिसतं, कारण प्रत्येक आठवड्याची किंमत ट्रेडिंग पॉवर युनिट्समध्ये लिहिलेली असते. तुमच्या आठवड्याचे ३० आले आणि खोलीला १४ लागले, तर उरलेले १६ जमा राहतात आणि पुढे वापरता येतात. तिथे छोटी खोली घेणं तितकंसं तोट्याचं नाही. इंटरव्हलमध्ये आठवड्याला असा आकडा दिसत नाही. कुठल्या आठवड्याला किती मागणी आहे याचा अंदाज ट्रॅव्हल डिमांड इंडेक्सवरून घ्यायचा. त्यात १०० म्हणजे सरासरी. साधी अदलाबदल करताना आठवड्याला आठवडा गेला, की उरलेलं मोल परत मागता येत नाही.

म्हणून ऑल-इन्क्लुझिव्हसाठी कमजोर आठवडा द्यावा: स्टुडिओ, मागणी नसलेल्या हंगामातला. भारी आठवडा भारी युनिटसाठी राखावा.

सक्तीचं की ऐच्छिक

काही रिसॉर्टमध्ये शुल्क सक्तीचं असतं: खोलीत राहायचं तर भरायचंच. काही ठिकाणी ते ऐच्छिक असतं आणि नुसती खोलीही घेता येते. याला युरोपियन प्लॅन म्हणतात. जेवण बेताचं आणि मद्य नाही, अशा माणसासाठी ऐच्छिक रिसॉर्ट फार सोयीचं. फक्त एकाच खोलीतल्या एकानं प्लॅन घ्यायचा आणि दुसऱ्यानं नाही, हे बहुतेक ठिकाणी चालत नाही. प्लॅन घेतल्याची खूण असलेला मनगटी पट्टा घ्यायचा तर खोलीतल्या सगळ्यांना. सक्तीच्या ठिकाणी पाचच रात्री राहिलात तरी सातांचे पैसे लागू शकतात, आणि काही रिसॉर्ट एकटा प्रवासी आला तरी किमान दोन प्रौढांचं शुल्क लावतात. थेट पॅकेजमध्ये चार-पाच रात्रींचं बुकिंग होतं. एक्स्चेंजचा आठवडा मात्र शुक्रवार, शनिवार किंवा रविवारपासून सुरू होतो, आणि त्या दिवसांची विमानतिकिटं स्वस्त नसतात.

एक तिसरा रस्ताही आहे. आपला आठवडा न देता कंपनीकडून रोख पैशांत आठवडा घेता येतो; इंटरव्हलमध्ये त्याला गेटवे म्हणतात, आरसीआयमध्ये एक्स्ट्रा व्हेकेशन्स. यादीत आकडा खूप लहान दिसतो, कारण तो फक्त खोलीचा असतो. रिसॉर्टचं सक्तीचं शुल्क इथेही तेवढंच लागतं. तरी पडीक आठवडा नसेल, तर एक्स्चेंजआधी हा दर जरूर बघावा.

वेळ

आरसीआयमध्ये आठवडा सुरू व्हायच्या नऊ महिने किंवा त्याआधी तो जमा केला तर पूर्ण मोल मिळतं, उशीर होईल तसं ते घसरतं. इंटरव्हलमध्ये ६० दिवसांच्या आत जमा केलेल्या आठवड्याचा उपयोग बराच आखडतो. कॅरिबियनमध्ये चक्रीवादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर. या काळात खोल्या सहज मिळतात, पण नेमक्या याच काळात पॅकेजही स्वस्त होतात, मग एक्स्चेंजमधली बचत जवळपास संपते. उलट वर्षाचा ५१वा आणि ५२वा आठवडा, म्हणजे नाताळ-नववर्ष: पॅकेजचे दर चढलेले आणि प्रतिरात्र शुल्क त्यामानानं कमी वाढलेलं असेल, तर एक्स्चेंजचा खरा फायदा तिथे होतो. मिळणं मात्र कठीण, म्हणून विनंती वर्षभर आधी टाकून ठेवावी.

विनंतीत प्रदेशाचं नाव देऊ नका, हवी ती रिसॉर्ट्स कोडनिशी द्या. नुसता 'कॅनकून परिसर' टाकला, की यंत्रणा नको असलेल्या सक्तीच्या रिसॉर्टशीही जुळवून टाकते आणि पुष्टी झाल्यावर तुमचा आठवडा गेलेला असतो. एकदा एक्स्चेंज केल्यावर तेच रिसॉर्ट चार वर्षांत पुन्हा देत नाही, असा नियमही काही रिसॉर्ट लावतात. दरवर्षी तिथेच जायचा बेत असेल तर तो आधीच तपासा.

पोहोचल्यावर

थेट ग्राहक आणि एक्स्चेंजवरचा पाहुणा यांना सारखी वागणूक मिळेलच असं नाही. पट्ट्याचा रंग वेगळा, समुद्राकडची खोली नाही, मेन्यू-कार्डावरून मागवायच्या उपाहारगृहात आठवड्याला ठरावीकच जेवणं आणि उरलेल्या दिवशी बुफे, असे प्रकार होतात. शिवाय चेक-इननंतर 'स्वागत' म्हणून दुसऱ्या टेबलाकडे नेतात. तिथे पूलच्या टॉवेलचं कार्ड मिळत नसतं, टाइमशेअर विक्रीच्या सादरीकरणाची वेळ ठरवत असतात. ९० मिनिटं सांगतात, ती सहज लांबतात. ठाम 'नको' पुरेसं असतं. खोली तुमची आहे, सादरीकरणाला बसण्याचं बंधन नाही. मोहात पडून सही झालीच, तर मेक्सिकोत टाइमशेअर करार पाच कामकाजी दिवसांत रद्द करता येतो आणि युरोपियन संघात २००८ च्या निर्देशानुसार १४ दिवसांत, तोही लेखी कळवून.

पुष्टीनंतरचे २४ तास

एक्स्चेंज पक्कं झाल्यावर विनाशुल्क रद्द करायला साधारण एक दिवस मिळतो. तेवढ्यात रिसॉर्टला ईमेल पाठवा आणि लेखी उत्तर घ्या: तुमच्या तारखांना प्रौढाचा रात्रीचा दर किती आणि करांसह की वगळून, मुलांसाठी वयाची पायरी कुठे, किमान किती जणांचं आणि किती रात्रींचं शुल्क घेतात, एक्स्चेंजच्या पाहुण्यांना कुठली उपाहारगृहं बंद आहेत. मुक्कामाला दुसरं कुणी जाणार असेल, तर गेस्ट सर्टिफिकेट (तुमच्या जागी त्यांना राहू देणारं एक्स्चेंज कंपनीचं पत्र) आत्ताच काढा, नाहीतर काउंटरवर खोली देत नाहीत. एक्स्चेंज कंपनीच्या यादीतला शुल्काचा आकडा जुना असू शकतो आणि वाद झालाच तर काउंटरवर रिसॉर्टचाच दर चालतो, म्हणून ते उत्तर छापून पासपोर्टबरोबर ठेवा.