एमकेव्हीटूलनिक्स : वेळेचा हिशेब चोख, पण मिलिसेकंदापर्यंतच

व्हिडिओ पाहताना खालच्या पट्टीवर मधेच कुठेतरी बोट ठेवले की चित्र लगेच तिथून सुरू व्हावे, आवाज ओठांशी जुळलेला असावा आणि दिसणारी वेळ खरी असावी, एवढीच पाहणाऱ्याची अपेक्षा असते. ती पुरी होते की नाही, हे चित्राच्या दर्जापेक्षा चित्र, आवाज आणि सबटायटल ज्या कंटेनरमध्ये एकत्र भरलेले असतात त्याच्या रचनेवर अधिक अवलंबून असते. एमकेव्हीटूलनिक्स हा सॉफ्टवेअर-संच नेमका या रचनेवर काम करतो. त्यामुळे त्याचे परीक्षण करताना बटणे किती देखणी आहेत यापेक्षा त्यातून बाहेर पडलेल्या फाईलमध्ये हव्या त्या क्षणाला पोचता येते का आणि वेळेचा हिशेब शेवटपर्यंत टिकतो का, हेच पाहणे योग्य ठरेल.

मोरिट्झ बुंकुस यांनी लिहिलेला हा संच मोफत आणि मुक्तस्रोत असून विंडोज, लिनक्स आणि मॅकओएस या तिन्हींवर चालतो. तो मात्रोस्का प्रकारच्या, म्हणजे एमकेव्ही फाईली बनवतो. त्याचबरोबर गूगलने २०१० मध्ये मात्रोस्काच्याच पायावर उभ्या केलेल्या वेबएम फाईलीही बनवतो. मात्रोस्काची सुरुवात २००२ च्या डिसेंबरातली, पण त्याला इंटरनेटची मानके ठरवणाऱ्या आयईटीएफ या संस्थेचे अधिकृत मानक म्हणून स्थान मिळाले ते ऑक्टोबर २०२४ मध्ये, आरएफसी ९५५९ च्या रूपाने. हा संच चित्र किंवा आवाज पुन्हा एन्कोड करत नाही, आहे तोच डेटा उचलून नव्या कंटेनरमध्ये रचतो. त्यामुळे दर्जा तसूभरही घटत नाही आणि काही तासांच्या फाईलचे काम डिस्क जितक्या वेगाने वाचेल-लिहील तितक्या वेगाने उरकते.

आता मूळ मुद्दा, क्षणाला पोचण्याचा. मात्रोस्का फाईल क्लस्टर नावाच्या तुकड्यांत विभागलेली असते. प्रत्येक क्लस्टरवर त्याची वेळ लिहिलेली असते आणि आतल्या प्रत्येक ब्लॉकवर, म्हणजे चित्राच्या वा आवाजाच्या छोट्या तुकड्यावर, त्या वेळेपासूनचे अंतर. क्यूज नावाच्या सूचीत कोणत्या वेळेची कीफ्रेम (इतर फ्रेमच्या आधाराविना उलगडणारी पूर्ण फ्रेम) कोणत्या क्लस्टरमध्ये आहे याची नोंद असते, आणि ही सूची बहुधा फाईलच्या शेवटी लिहिली जात असल्यामुळे ती कुठे सापडेल हे सांगणारी सीकहेड नावाची छोटी नोंद सुरुवातीला असते. प्लेअर आधी सीकहेड वाचतो, तिथून क्यूजकडे जातो, आपल्याला हव्या असलेल्या वेळेच्या अलीकडची कीफ्रेम शोधतो आणि तिथून चित्र उलगडू लागतो. एमकेव्हीटूलनिक्स या बाबतीत मुळातच समंजस वागते : व्हिडिओ ट्रॅकच्या प्रत्येक कीफ्रेमची नोंद क्यूजमध्ये करते, आवाजाच्या निरुपयोगी नोंदींनी सूची फुगवत नाही आणि एका क्लस्टरमध्ये जास्तीत जास्त ५ सेकंदांचा मजकूर ठेवते. ज्यांना यात ढवळाढवळ करायची आहे त्यांच्यासाठी ट्रॅकच्या गुणधर्मांमध्ये इंडेक्सचे, म्हणजे या सूचीचे, पर्याय दिलेले आहेत, पण मूळ मूल्ये बदलावीत असे मला क्वचितच वाटले.

या संचाचा खरा कस लागतो तो सूची नसलेल्या फाईलींवर. ब्राउझरमधून केलेले वर्गांचे वा बैठकांचे रेकॉर्डिंग बहुधा वेबएममध्ये उतरते. रेकॉर्डिंग चालू असताना फाईल पुढे पुढे लिहिली जाते, मागे वळून सुरुवात दुरुस्त केली जात नाही, आणि परिणामी तिच्यात एकूण कालावधीही नसतो आणि क्यूजही नसतात. अशी फाईल सुरुवातीपासून पाहिली तर नीट चालते, पण चाळिसाव्या मिनिटावर उडी मारायला गेले की पट्टी हलत नाही, किंवा प्लेअर प्रत्येक क्लस्टर तपासत बसतो. ती एमकेव्हीटूलनिक्समध्ये ओढून आणली, काहीही न बदलता पुन्हा मल्टिप्लेक्स केली, म्हणजे नव्या कंटेनरमध्ये रचली, की सॉफ्टवेअर सर्व क्लस्टर वाचून नवा इंडेक्स लिहिते आणि कालावधीही भरते. वीज गेल्यामुळे अर्धवट राहिलेली एमकेव्ही फाईलही याच रीतीने बहुतांशी वाचवता येते, कारण प्रत्येक क्लस्टर आपली वेळ आपल्यापाशी बाळगतो. केवळ या एका सोयीसाठी हा संच संगणकावर असायला हवा, असे माझे मत आहे.

एमपी४ मध्ये नेमका इथेच घोळ होतो. क्विकटाइमपासून निघालेल्या त्या रचनेत सगळा हिशेब, म्हणजे कोणती फ्रेम किती बाइटची, किती काळ टिकणारी, कुठे ठेवलेली आणि कीफ्रेम कोणती, हे सारे मूव्ह नावाच्या एकाच पेटीत एकवटलेले असते, आणि साध्या रेकॉर्डिंगमध्ये ती पेटी सगळ्यात शेवटी लिहिली जाते. ती लिहिण्याआधी कॅमेरा बंद पडला तर मागे उरतो तो केवळ अर्थहीन बाइटांचा ढीग. तो एमकेव्हीटूलनिक्सलाही वाचता येत नाही. ओबीएससारखी रेकॉर्डिंगची सॉफ्टवेअरे एमकेव्हीत रेकॉर्ड करून मग एमपी४ करून घ्यावे असे सुचवत आली आहेत, त्याचे कारण हेच. (मूफ नावाच्या तुकड्यांत लिहिलेल्या एमपी४ ला हा धोका कमी असतो, पण अशी फाईल सगळीच उपकरणे नीट हाताळतात असे नाही.) सेट-टॉप बॉक्सने उतरवलेल्या ट्रान्स्पोर्ट स्ट्रीम फाईलींची गोष्ट आणखी निराळी. १८८ बाइटांच्या पाकिटांची ती अखंड धार प्रक्षेपणासाठी घडवलेली असल्यामुळे तिच्यात इंडेक्स मुळातच नसतो, तिची घड्याळे शून्यापासून सुरू होत नाहीत, आणि ९० किलोहर्ट्झने मोजला जाणारा ३३ बिटांचा वेळेचा आकडा साधारण साडेसव्वीस तासांनी पुन्हा शून्यावर येतो. हा आकडा जर रेकॉर्डिंगच्या मधोमध उलटला तर साधे प्लेअर गोंधळतात. एमकेव्हीटूलनिक्स आकडा उलटल्याचे ओळखून वेळ सलग करते आणि नव्या फाईलची सुरुवात शून्याजवळ आणून ठेवते.

इथवर कौतुक झाले. नेमकेपणाचा प्रश्न मात्र वेगळा आहे आणि तिथे मात्रोस्काची रचनाच आड येते. या संचाने बनवलेल्या व्हिडिओ फाईलमध्ये वेळ १ मिलिसेकंदाच्या पटीत लिहिली जाते. भारतातल्या दूरचित्रवाणीने पाल पद्धत स्वीकारल्यामुळे इथल्या प्रक्षेपणाचा वेग सेकंदाला २५ फ्रेम, म्हणजे प्रत्येक फ्रेमला बरोबर ४० मिलिसेकंद, त्यामुळे त्या साहित्याला काहीच बाधा येत नाही. पण सेकंदाला ३० फ्रेमच्या व्हिडिओत फ्रेमच्या वेळा ०, ३३, ६७, १०० अशा पडतात, म्हणजे अंतर कधी ३३ तर कधी ३४. अमेरिकी पद्धतीच्या ३०००० भागिले १००१ (सेकंदाला सुमारे २९.९७ फ्रेम) या वेगाला तर मिलिसेकंदात नेमके लिहिणे अशक्यच आहे. एमपी४ मध्ये ट्रॅकचे स्वतःचे मोजमाप ठरवता येते. सेकंदाचे ३०००० भाग करावेत, प्रत्येक फ्रेमला १००१ भाग द्यावेत, की हिशेब एका भागानेही चुकत नाही. मात्रोस्कातली ही गोळाबेरीज साचत जात नाही, कारण प्रत्येक वेळ स्वतंत्रपणे जवळच्या मिलिसेकंदाला आणलेली असते, आणि पाहताना डोळ्याला ती जाणवतही नाही. त्रास होतो तो पुढे संपादन करताना. अशी फाईल एमपी४ मध्ये नेल्यावर काही संपादन सॉफ्टवेअरे तिला बदलत्या वेगाची समजतात आणि फ्रेम मोजण्यात घोटाळा करतात.

मग मोजमाप बारीक का करू नये? तसा पर्याय आहे, पण त्याची किंमत मोजावी लागते. ब्लॉकचे क्लस्टरपासूनचे अंतर १६ बिटांत लिहिले जात असल्यामुळे ते ३२,७६७ एककांच्या पुढे जाऊ शकत नाही. एकक १ मिलिसेकंदाचे असेल तर एका क्लस्टरमध्ये जवळपास ३३ सेकंद मावतात, पण ते १ मायक्रोसेकंदाचे केले तर क्लस्टरची मर्यादा ३३ मिलिसेकंदांच्या आत येते, म्हणजे पालची पुरती एक फ्रेमही नाही. निव्वळ आवाजाच्या फाईलींसाठी हा संच एकक आपोआप इतके बारीक निवडतो की वेळ आवाजाच्या एकेका सॅम्पलपर्यंत, म्हणजे सर्वात लहान नमुन्यापर्यंत, नेमकी राहते, त्यासाठी फाईल थोडी फुगते ती फुगू देतो. संगीताचे संकलन करणाऱ्यांना याचे मोल कळेल. व्हिडिओला हीच सवलत का देता येत नाही, याचे उत्तर वरच्या आकड्यांतच आहे.

आवाज आणि चित्र मागेपुढे होत असतील तर विलंबाची पेटी उपयोगी पडते. ट्रॅक निवडून मिलिसेकंदांत धन किंवा ऋण आकडा भरला की त्या ट्रॅकच्या सर्व वेळा तेवढ्या सरकतात. सुरुवातीपासून शेवटपर्यंत अंतर सारखेच असेल तर एवढे पुरते. अंतर वाढत जात असेल तर ताण देण्याचा पर्याय वापरावा लागतो, आणि त्यात अपूर्णांक थेट लिहिता येतो हे मला विशेष आवडले. सेकंदाला २३.९७६ फ्रेमच्या चित्रपटासाठी बनवलेली सबटायटल्स त्याच चित्रपटाच्या २५ फ्रेमच्या आवृत्तीला लावली तर दोन तासांत ती जवळजवळ पाच मिनिटांनी मागे पडतात. ट्रॅकला ९६० भागिले १००१ हे प्रमाण दिले की शेवटच्या संवादापर्यंत अक्षरे जागच्या जागी येतात. हाच उपाय आवाजावर मात्र करू नये. तिथे केवळ वेळा बदलतात, ध्वनी स्वतः ताणला जात नाही, आणि फाईल कागदोपत्री दुरुस्त दिसून कानाला खटकत राहते. संचाचे माहितीपत्रकही तसे बजावते, पण ही सूचना पडद्यावर त्या पेटीच्या शेजारीच ठळक असायला हवी होती.

तुकडे पाडण्याच्या सोयीबद्दल तक्रारी ऐकू येतात आणि त्या बऱ्याचशा गैरसमजातून आलेल्या असतात. वेळेनुसार, आकारानुसार, फ्रेमच्या क्रमांकानुसार किंवा प्रकरणांच्या आधी असे तुकडे पाडता येतात, पण पुन्हा एन्कोड करायचे नाही हे एकदा ठरल्यावर तुकडा कीफ्रेमपासूनच सुरू होऊ शकतो, कारण मधल्या फ्रेम आपल्या शेजाऱ्यांच्या आधाराने उभ्या असतात आणि आधार कापला तर चित्रच उरत नाही. एक्स२६४ हा व्हिडिओ एन्कोडर मुळात २५० फ्रेमपर्यंत कीफ्रेम न घालता जाऊ शकतो; २५ च्या वेगाने ते अंतर १० सेकंदांचे होते. म्हणजे बारा मिनिटे तीन सेकंदांवर कापा असे सांगितले आणि कीफ्रेम बारा मिनिटे नऊ सेकंदांवर असली, तर काप तिथेच पडणार. हा दोष सॉफ्टवेअरचा नाही. त्याच्या दोषाचा भाग एवढाच की पडद्यावर चित्र पाहण्याची सोय नाही, आणि सांगितलेल्या वेळेच्या आसपास कीफ्रेम कुठे आहेत हे काप पडण्याआधी दिसत नाही. फाईलची अंतर्गत रचना दाखवणारे माहिती-साधन संचात आहे, त्यात क्लस्टर आणि क्यूज उलगडून पाहता येतात, परंतु तिथला आकडा शोधून दुसऱ्या खिडकीत हाताने भरायचा हा खटाटोप सामान्य वापरणाऱ्याने का करावा?

दुसरी उणीव रचनेतली नसून व्यवहारातली आहे. हा संच एमपी४ वाचतो, पण लिहीत नाही. आयफोन किंवा क्विकटाइम प्लेअर एमकेव्ही उघडत नाहीत, त्यामुळे दुरुस्त झालेली फाईल नातेवाईकांना पाठवायची तर एफएफएमपेगसारख्या साधनाने पुन्हा एमपी४ करावी लागते. ते करताना मूव्ह पेटी सुरुवातीला आणून ठेवण्याचा पर्याय निवडावा, नाहीतर इंटरनेटवरून पाहणाऱ्याच्या प्लेअरला आधी फाईलच्या शेवटाकडे धाव घ्यावी लागते. एमकेव्हीत फ्रेम दाखवण्याची वेळ असते, ती उलगडण्याची वेळ मात्र लिहिलेली नसते. एमपी४ ला दोन्ही लागतात, म्हणून रूपांतर करणाऱ्या साधनाला दुसरी वेळ अंदाजाने तयार करावी लागते. फ्रेम पुढेमागे बांधलेल्या व्हिडिओत हा अंदाज सहसा जमतो. जुन्या, एव्हीआयमधून आलेल्या व्हिडिओत मात्र फ्रेमगणिक वेळच नोंदलेली नव्हती, केवळ एक ठरावीक वेग होता, त्यामुळे अशा फाईली या मार्गाने नेताना व्हिडिओ ट्रॅकचा वेग गुणधर्मांत हाताने लिहून द्यावा आणि निकाल सुरुवातीला, मध्यावर व शेवटी अशा तिन्ही ठिकाणी उडी मारून तपासावा.

व्याख्याने, मैफली, कौटुंबिक चित्रणे अशी लांब रेकॉर्डिंगे जपून ठेवायची असतील तर मी निःशंकपणे याच संचाची शिफारस करेन. प्रकरणांचा संपादक वापरून रागागणिक किंवा वक्त्यागणिक खुणा घातल्या की तीन तासांच्या फाईलमध्ये हवी ती जागा नावाने गाठता येते, आणि नाव वा भाषा बदलण्यासाठी शीर्षक-संपादक संपूर्ण फाईल पुन्हा न लिहिता क्षणात काम करतो. संपादनाच्या टेबलावर जाणारे चित्रीकरण असेल, विशेषतः सेकंदाला ३० किंवा ६० फ्रेमचे, तर मूळ एमपी४ तशीच संपादकाच्या हाती द्यावी आणि एमकेव्ही प्रत बाजूला जपणुकीसाठी ठेवावी.