सेमी-ऑटोसाठी काडतूस आणि चोक : 24 की 28, ओपन की टाइट?

सेमी-ऑटो बारा बोर शॉटगन घेतली की सगळे आधी चोकच्याच मागे लागतात, म्हणजे नळीच्या तोंडाशी बसणारा, छर्रे किती पसरतील ते ठरवणारा तुकडा. माझं मत उलटं आहे, आधी काडतूस ठरवा. डबल बॅरलला काडतूस हलकं असो की जड काही फरक पडत नाही, सेमी-ऑटोत मात्र त्याच्याच जोरावर रिकामी केस बाहेर पडते आणि पुढचा राउंड चेंबरमध्ये चढतो, जोर कमी पडला की बोल्ट मधेच अडकणार आणि जोडीतली दुसरी क्ले, म्हणजे हवेत उडवलेली नेमाची तबकडी, तुमच्यासमोरून आरामात निघून जाणार.

आता 24 ग्रॅम की 28 ग्रॅम, म्हणजे काडतुसातल्या छर्‍यांचं वजन. मॅच खेळायची असेल तर प्रश्नच नाही, आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी संघटनेच्या) नियमात 24 च्या वर जाता येत नाही. काडतुसाच्या गॅसवर चालणारी गन, म्हणजे बेरेटाच्या ए400 सारखी, 24 सहसा निमूट खाते आणि खांद्यालाही हलकी लागते, फक्त काजळी धरते म्हणून पिस्टन साफ करत राहायचं. बेनेलीसारखी इनर्शियावाली, म्हणजे गनच्या मागच्या धक्क्यावर चालणारी, आतून स्वच्छ राहते पण नवी असताना हलक्या काडतुसावर नखरे करू शकते, त्यात गन खांद्याला सैल धरली तर अजूनच. अशी गन असेल तर सुरुवातीची प्रॅक्टिस 28 वर करा, नंतर 24 वर या. काहीही घ्या, लांबी चेंबरवर लिहिलीय तेवढीच, 70 मिमीच्या चेंबरमध्ये 76 चं काडतूस नाही म्हणजे नाही.

छर्‍याचा नंबर देशागणिक बदलतो, त्यामुळे डब्यावर मिलिमीटर बघा. 24 ग्रॅममध्ये 2 मिमीचे सुमारे 500 छर्रे बसतात, 2.4 चे साधारण 300. स्कीट या प्रकारात क्ले बाजूंनी समोरून आडवी जाते आणि 20 मीटरच्या आसपास फुटते, तिथे बारीक छर्रा आणि स्कीट किंवा इम्प्रूव्ह्ड सिलिंडर असा ओपन चोक, म्हणजे छर्रे लवकर पसरतात. ट्रॅप या प्रकारात क्ले तुमच्यापासून लांब पळत असते, 30-35 मीटरवर बारीक छर्‍यात दम उरत नाही, तिथे 2.4 आणि इम्प्रूव्ह्ड मॉडिफाइड किंवा फुल असा टाइट चोक.

पुस्तकी हिशोब असा की 40 यार्डांवर 30 इंची वर्तुळात सिलिंडरचे (म्हणजे अजिबात न आवळलेल्या नळीचे) 40 टक्के छर्रे पडतात, मॉडिफाइडचे 60 आणि फुलचे 70. पण तुमची गन तुमच्या काडतुसाला काय पॅटर्न, म्हणजे छर्‍यांचा पसारा, देते ते रेंजवर मोठा कागद लावूनच कळतं, आणि हे काम फार कमी लोक करतात, का कोण जाणे. नवशिक्याने फुलच्या नादी लागू नये, ट्रॅपलासुद्धा मॉडिफाइडवर सुरू करावं. स्टीलचे छर्रे असतील तर मॉडिफाइडपेक्षा टाइट चोक नकोच.

आणि आपल्या मुंबईची हवा! पावसाळ्यात चोक नळीतच गंजून बसतो, मग पाना लावून ओढाताण. गन रिकामी आहे हे दोनदा बघून चोक काढायचा, आटे पुसायचे, ग्रीसचा पातळ हात द्यायचा आणि पूर्ण कसून बसवायचा. चोक न लावता कधीच फायर करू नका, आट्यांची वाट लागते. काडतुसं घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल टाकून कुलपात ठेवा.

चोकचा सेट घेणारच असाल तर आधी नळीचे आटे कुठले ते विचारा, बेरेटाचेच मोबिलचोक आणि ऑप्टिमा हे दोन प्रकारचे चोक एकमेकांच्या नळीत बसत नाहीत. मी तरी दोनच घेईन, एक स्कीट आणि एक मॉडिफाइड, उरलेल्या पैशांची काडतुसं.