जुळे सोलापुरातला मानसिक तयारीचा टेनिस वर्ग : पैसे वसूल, पण पालकांचा तास वाढवा

माझी पुतणी चौदा वर्षांखालच्या गटात टेनिस खेळते. फोरहँड सुरेख आहे, पण एक डबल फॉल्ट झाला, म्हणजे दोन्ही सर्व्हिस चुकून पॉइंट गेला, की पुढचे दोन-तीन गेम नुसते वाहून जायचे. म्हणून उन्हाळ्याच्या सुट्टीत तिला जुळे सोलापुरातल्या या वर्गाला घातलं. तिला सोडायला मीच जायची आणि मागच्या बाकावर बसून सगळं ऐकायची.

‘घाबरू नको’, ‘कॉन्फिडन्स ठेव’ असलं काही सर म्हणत नाहीत. पहिल्याच दिवशी त्यांनी फळ्यावर रॉजर फेडररचे आकडे लिहिले : एकेरीचे १,५२६ सामने, त्यातले जवळपास ८० टक्के जिंकलेले, आणि जिंकलेले पॉइंट मात्र ५४ टक्के. मुलं गप्पच झाली. एवढा मोठा खेळाडू आयुष्यभर जवळजवळ निम्मे पॉइंट हरत आला, मग आपला एक गेला तर रडायचं कशाला, हे कुणी वेगळं सांगायची गरजच उरली नाही.

बाकी सगळा वर्ग २५ सेकंदांचा. एक पॉइंट संपल्यापासून तेवढ्या वेळात पुढची सर्व्हिस व्हावी लागते, आणि सामना बिघडतो तो याच वेळात. या मधल्या वेळाचा अभ्यास अमेरिकी क्रीडा मानसतज्ज्ञ जिम लोहर यांनी केला होता. सर त्यांचंच नाव घेऊन शिकवतात. आधी पाठ फिरवून, खांदे ताठ ठेवून चालायचं. मग श्वास लांब सोडायचा, नजर रॅकेटच्या तारांवर. मग पुढची सर्व्हिस कुठे टाकायची ते ठरवायचं. शेवटी चेंडू ठरावीक वेळा टप्पे देऊन मारायचा, दर वेळी तेवढेच टप्पे. सरांचं एक वाक्य आता आमच्या घरात सगळ्यांच्या तोंडी आहे : “गेला ना पॉइंट? गेला. आता टॉवेलकडं चल.” टॉवेल कुंपणाला मुद्दाम लांब अडकवायला लावतात, म्हणजे चालावंच लागतं. टॉवेलच्या गावात टॉवेलचा हा उपयोग मला फारच पटला.

सगळ्यात मोलाचा भाग चुकीच्या कॉलचा. आपल्याकडच्या छोट्या स्पर्धांत प्रत्येक कोर्टावर पंच नसतो, आपल्या बाजूचा चेंडू आत की बाहेर ते खेळाडूच सांगतो, आणि तिथेच मुलं पेटतात. सर समोरच्या मुलाला आधी सांगून ठेवतात, की आत पडलेला चेंडू खुशाल आऊट दे. ज्याच्यावर अन्याय होतो त्याने एकदाच विचारायचं, “नक्की आऊट?” नाही पटलं तर रेफ्रीला बोलवायचं. त्यापुढे वाद नाही, टॉवेलकडे. पहिल्यांदा हे झालं तेव्हा आमची लालबुंद झाली, रॅकेट आपटायला हात वर गेला होता. आठवडाभराने तसाच कॉल मिळाला तर तोंड पुसलं, तारा सरळ केल्या आणि सर्व्हिसला येऊन उभी राहिली. राग होताच, डोळ्यांत दिसत होता. पण सर्व्हिस आत पडली.

नंतर कुमठा नाक्याला एक सामना झाला, त्यात ती टायब्रेकमध्ये, म्हणजे बरोबरीनंतरच्या निर्णायक गेममध्ये, हरली. तरी डबल फॉल्टनंतरचे गेम तिने राखले. मला तेवढ्यानेच भरून आलं.

आता उणिवा. बॅच मोठी आहे, कोर्टावर प्रत्येकाची पाळी येईपर्यंत बराच वेळ जातो. सोलापूरच्या मे महिन्यात नऊनंतर कोर्टावर पाय ठरत नाही, म्हणून अर्धा वर्ग हॉलमध्ये होतो आणि तिथे पंखे कमी. फी साडेतीन हजार. मला ती जास्त वाटली नाही.

खरी तक्रार पालकांच्या तासाची आहे. तो एकच ठेवलाय, तोही शेवटच्या दिवशी. कुंपणाबाहेरून खुणा करू नका, गाडीत बसल्या बसल्या ‘तो पॉइंट कसा घालवलास?’ विचारू नका, आधी पोराला जेवू द्या, हे सरांनी तेव्हा सांगितलं. हे आईवडिलांनी पहिल्या दिवशी ऐकायला हवं, आणि त्या तासाला बहुतेक मुलांचे वडील आलेच नव्हते. पुढची बॅच दिवाळीच्या सुट्टीत आहे. नाव घालताना दोघांनीही यायचं कबूल करा.