रिटेनरचे नऊ महिने: वरचा सोपा, खालच्या तारेने घाम काढला

ब्रेसेस निघाल्या त्या दिवशी वाटलं, सुटले एकदाची. तेवढ्यात डॉक्टरांनी हातात एक डबी ठेवली. वरच्या दातांसाठी पारदर्शक प्लास्टिकचा, काढता-घालता येणारा रिटेनर, म्हणजे सरळ झालेले दात जागेवर धरून ठेवणारं साधन. खालच्या पुढच्या सहा दातांना आतून, एका सुळ्यापासून दुसऱ्या सुळ्यापर्यंत, बारीक तार आधीच चिकटवून झाली होती. आज नऊ महिने झाले. दात जागेवर आहेत, त्याबद्दल तक्रार नाही. मला लिहायचंय ते स्वच्छतेबद्दल, कारण सोबतच्या कागदावर ती दोन ओळींत आटोपली होती.

सुरुवातीला मी रिटेनर टूथपेस्टनेच घासायचे. महिन्याभरात काचेसारखी वस्तू धुरकट झाली. पेस्टमधले बारीक कण दातांना चालतात, प्लास्टिकवर मात्र ओरखडे पाडतात आणि जंतू त्या ओरखड्यांतच ठाण मांडतात. मग वास यायला लागला, म्हणून एकदा चांगलं कढत पाणी ओतलं. संपलं! हे प्लास्टिक गरम करूनच साच्यावर बसवलेलं असतं, तेव्हा उष्णतेने त्याचा आकार जाणारच, हे डोक्यातच आलं नाही. सुळ्यापाशी तो बसेना. नवीन करून घ्यावा लागला.

आता तोंडातून काढला की लगेच गार पाण्याखाली धरते. लाळ वर वाळली की थर घट्ट बसतो. मग वेगळा ठेवलेला मऊ ब्रश आणि सौम्य लिक्विड सोपचा एक थेंब. दात बसतात ते आतले खळगे नीट घासते, घाण तिथेच साठते. फसफसणाऱ्या गोळ्यांनी वास जातो, पण कडेचा पांढरा, खडूसारखा थर माझ्या तरी गेला नाही. त्यासाठी पांढरं व्हिनेगर आणि तेवढंच पाणी, पंधरा-वीस मिनिटं, नंतर ब्रश. नीट खळबळून घ्या, नाहीतर रात्रभर आंबट वास घेत झोपाल.

पण हा थर येतो कुठून, हे कळायला मला चार महिने लागले. तो माझ्याच दातांवरून येत होता. कंटाळा आला की रात्री दात न घासताच रिटेनर चढवायचे. एरवी लाळ दात धुते, आम्लाचा जोर कमी करते. रिटेनरखाली तिला नीट शिरता येत नाही, त्यामुळे आत जे अडकलं ते रात्रभर दातांना चिकटून बसतं. याहून वाईट म्हणजे रिटेनर घालून गोड कॉफीचे घोट घेणं. साखरेपासून तोंडातले जंतू आम्ल बनवतात; पीएच (आम्लतेचं माप, जितका कमी तितकं आम्ल जास्त) साधारण 5.5 च्या खाली गेला की दातांवरच्या कवचातली खनिजं विरघळायला लागतात, आणि मी तर साखरेचं पाणी दातांभोवती कोंडून ठेवत होते. हिरडीजवळ दोन पांढुरके डाग दिसल्यावर डॉक्टरांनी चांगलंच झापलं. तेव्हापासून रिटेनर घातलेला असताना फक्त पाणी.

आता खालची तार. जिभेखाली लाळग्रंथींची तोंडं उघडतात, म्हणून खालच्या पुढच्या दातांच्या मागे टार्टर, म्हणजे दातांवर कडक झालेला थर, सगळ्यात लवकर जमतो. नेमकी तिथेच ही तार! वरून फ्लॉस (दातांच्या फटी साफ करायचा बारीक दोरा) घातला की तो तारेवर अडतो. मग थ्रेडर (प्लास्टिकची लवचिक सुई) घ्यायचा, सुईत दोरा ओवावा तसा फ्लॉस ओवायचा, तारेखालून काढायचा, दाताच्या दोन्ही बाजूंनी हिरडीपर्यंत घासायचा, ओढून घ्यायचा, पुढची फट. फटी पाचच, पण पहिल्या दिवशी वीस मिनिटं गेली, आरशावर थुंकी उडाली, आणि हिरड्यांतून रक्त आलं ते वेगळंच. दहाएक दिवसांत रक्त थांबलं. आता चार मिनिटांत होतं.

मध्यंतरी आळसापोटी वॉटर फ्लॉसर (फटींत पाण्याची धार मारणारं यंत्र) घेतला. अडकलेले कण छान उडतात, पण चिकट थर त्याने पूर्ण निघत नाही. मी महिनाभर त्याच्यावरच विसंबले आणि पुढच्या क्लीनिंगला तारेमागे टार्टरची रांग निघाली. आता आधी फ्लॉस, नंतर मजा म्हणून पाण्याची धार.

थ्रेडरचा एक फायदा कुणी सांगितला नव्हता. सातव्या महिन्यात एका दातापाशी फ्लॉस तार आणि दात यांच्या मधूनच सरकला. चिकटवलेला ठिपका सुटला होता. दुखत नव्हतं, दिसतही नव्हतं. दोन दिवसांत परत चिकटवून घेतला, नाहीतर दात हलल्यावरच कळलं असतं.

पुन्हा निवडायची वेळ आली तर खाली तारच घेईन, कारण काढता येणारी वस्तू मी विसरते. पण रोज रात्री आरशासमोर पाच मिनिटं उभं राहायचा ज्यांना कंटाळा आहे, त्यांनी खालीही काढता येणाराच मागावा. आणि डबीही धुवा. नवा रिटेनर लख्ख असूनही पंधरा दिवस जो वास येत होता, तो डबीचा होता.