परदेशी दुकान, लॅमिंग्टन रोड की आखातातून येणारा नातेवाईक: कोकणात राहून संगणकाचे भाग घेताना

चिपळूण, रत्नागिरी, कुडाळ किंवा सावंतवाडीत राहून संगणक जुळवणाऱ्यापुढे आज मुख्यतः तीन वाटा आहेत: देशातल्या विक्रेत्याकडून माल घेणे, परदेशी संकेतस्थळावरून कुरियरने मागवणे, किंवा दुबई-मस्कतला नोकरीस असलेल्या नातेवाइकाला सुट्टीवर येताना आणायला सांगणे. देशातला विक्रेता म्हणजे गावातले दुकान, भारतीय संकेतस्थळ किंवा मुंबईचा लॅमिंग्टन रोड, जिथून गणपतीला येणारा चाकरमानी एखादा भाग सोबत घेऊन येऊ शकतो. तिन्ही वाटांची तुलना करताना पडद्यावर दिसणारी किंमत शेजारी शेजारी मांडली तर निर्णय हमखास चुकतो, कारण त्या किमती एकाच प्रकारच्या नसतात. अमेरिकी संकेतस्थळावरची किंमत तिथला विक्रीकर वगळून दिलेली असते, तर आपल्याकडच्या विक्रेत्याच्या किमतीत १८ टक्के जीएसटी सहसा धरलेला असतो. तेवढ्यानेच बरीचशी स्वस्ताई नाहीशी होते.

उदाहरणादाखल परदेशी संकेतस्थळावर ४०,००० रुपयांना मिळणारे ग्राफिक्स कार्ड (पडद्यावरचे चित्र तयार करणारा भाग) घेऊ. वाहतूक आणि विमा मिळून ३,००० रुपये लागले असे धरले, तर सीमाशुल्काच्या हिशेबासाठी किंमत ४३,००० होते, कारण कर वस्तूच्या मूळ किमतीवर नव्हे तर वाहतूक-विम्यासह येणाऱ्या रकमेवर बसतो. संगणक आणि त्याच्या बहुतेक सुट्या भागांवर भारतात मूळ सीमाशुल्क शून्य आहे. माहिती तंत्रज्ञान वस्तूंच्या जागतिक व्यापार करारात भारत १९९७ मध्ये सामील झाला, त्याचा हा परिणाम. तरीही आयातीवरचा १८ टक्के जीएसटी, म्हणजे ७,७४० रुपये, भरावाच लागतो. बँकेने परकी चलनाच्या व्यवहारावर साडेतीन टक्के आकार आणि त्यावर जीएसटी लावला, तर आणखी सुमारे १,७७५ रुपये जातात. एकूण साडेबावन्न हजार झाले, आणि कुरियर कंपनीचे हाताळणी शुल्क अजून यात धरलेलेच नाही. म्हणजे परदेशातली किंमत इथल्यापेक्षा जवळजवळ चतुर्थांशाने कमी असेल, तेव्हा कुठे बरोबरी होते. त्याहून कमी फरकासाठी ही वाट धरण्यात अर्थ नाही.

हा हिशेबही चांगल्या परिस्थितीतला आहे. पार्सल सीमाशुल्क दरांच्या यादीतल्या संगणक-भागांच्या शीर्षकाखाली दाखल न होता वैयक्तिक वापराच्या वस्तूंच्या ९८०४ या शीर्षकाखाली गेले, तर दर वेगळे लागतात आणि ते अर्थसंकल्पागणिक बदलत आले आहेत. एके काळी तिथे १० टक्के मूळ शुल्क, त्या शुल्कावर १० टक्के अधिभार आणि या सगळ्यावर २८ टक्के जीएसटी मिळून एकूण भार ४२.०८ टक्के होत असे. त्या दराने हेच कार्ड हातात पडेपर्यंत त्रेसष्ट हजारांच्या घरात जाते. म्हणून पैसे भरण्यापूर्वी पार्सल कोणत्या शीर्षकाखाली दाखल होणार हे कुरियर कंपनीला लेखी विचारावे आणि केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळाच्या संकेतस्थळावर चालू दर पाहावा. पार्सलवर ‘भेट’ असे लिहून घेतल्याने कर टळतो हा समज आता सोडून द्यावा, कारण ती सवलत डिसेंबर २०१९ मध्ये काढून घेतली गेली. जुने, वापरलेले संगणक मागवण्यावरही निर्बंध आहेत. चीनचे अलीएक्सप्रेस नोव्हेंबर २०२० पासून भारतात बंद आहे.

किमतीपेक्षा मला वॉरंटीचा प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटतो. अनेक कंपन्यांची वॉरंटी ज्या देशात वस्तू विकली त्या देशापुरती असते, आणि भाग बिघडला की इथले सेवा केंद्र सीरियल नंबर पाहून तो परत पाठवते. मग तो परदेशी पाठवण्याचा खर्च ग्राहकाच्या माथी येतो आणि बदली भाग परत येताना सीमाशुल्काचे कागद पुन्हा करावे लागतात. कोकणातल्या ग्राहकाला देशी वॉरंटीसुद्धा दारात मिळत नाही, भाग बहुधा मुंबई, पुणे किंवा कोल्हापूरला पाठवावा लागतो, हे खरे. पण तो देशातल्या देशात जातो आणि परत येताना कर लागत नाही. शिवाय २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहकाला स्वतःच्या राहत्या जिल्ह्यातल्या आयोगाकडे तक्रार करता येते, मग विक्रेता मुंबईचा असो वा दिल्लीचा. परदेशी दुकानाविरुद्ध इथल्या आयोगाचा आदेश मिळाला तरी तो तिथे अमलात आणणे सामान्य ग्राहकाच्या आवाक्यातले नाही.

तिसरी वाट, आखातातून येणाऱ्या माणसाची, कोकणात घरोघरी उपलब्ध आहे आणि एका वस्तूसाठी ती खरोखर सर्वांत चांगली आहे: लॅपटॉप. १८ वर्षे पूर्ण केलेल्या प्रवाशाला नेहमीच्या शुल्कमुक्त मर्यादेशिवाय एक लॅपटॉप करमुक्त आणता येतो. संयुक्त अरब अमिरातीत व्हॅट फक्त ५ टक्के असल्याने किमतीतला फरक इथे प्रत्यक्ष हाती लागतो. मात्र कळफलकावर अरबी अक्षरे नाहीत ना, चार्जरचा तीन चपट्या पायांचा प्लग बदलता येतो का, आणि त्या मॉडेलची वॉरंटी आंतरराष्ट्रीय आहे का, हे दुकानातच पाहून घ्यायला सांगावे. सुट्या भागांना ही खास सवलत नाही. ते सर्वसाधारण मर्यादेत मोजले जातात आणि ती मर्यादा ओलांडली तर शुल्क बरेच चढे असते. नातेवाइकाला विमानतळावर अडचणीत आणणारी यादी देऊ नये. लॅपटॉप कुरियरनेही मागवता येतो. ऑगस्ट २०२३ मध्ये लॅपटॉपच्या आयातीवर परवान्याचे बंधन जाहीर झाले तेव्हा ऑनलाइन घेतलेल्या एका नगाला सूट ठेवली होती, पण शुल्क भरूनच.

भागागणिक सांगायचे तर, रॅम, एसएसडी (माहिती साठवणारा भाग) आणि प्रोसेसर हलके असतात, वाटेत सहसा बिघडत नाहीत, आणि त्यांपैकी काहींना जगभर चालणारी वॉरंटी असते. फरक मोठा असेल आणि वॉरंटीची खात्री करून घेतली असेल, तर हे बाहेरून घेण्यास हरकत नाही. मदरबोर्ड आणि ग्राफिक्स कार्ड मी देशातूनच घ्यावे असे म्हणेन, कारण किनाऱ्यावरची खारी, दमट हवा धातूचे सांधे गंजवते आणि पावसाळ्यातल्या विजा व वर-खाली होणारा विद्युतदाब यांचा तडाखा या महागड्या भागांनाही बसतो, म्हणजे दुरुस्तीची वेळ यांच्यावर येऊ शकते. मॉनिटरच्या वजनामुळे वाहतुकीतच बचत संपते. एसएमपीएस, म्हणजे संगणकाला वीज पुरवणारा भाग, मात्र कितीही स्वस्त मिळाला तरी अमेरिकेतून मागवू नये. तिथला वीजपुरवठा १२० व्होल्टचा आणि आपला २३० व्होल्टचा; नवे बहुतेक नग दोन्हीवर चालत असले, तरी केवळ ११५ व्होल्टसाठी बनवलेला नग आपल्या सॉकेटला जोडला तर तो स्वतः जळतोच, कधी कधी बाकीच्या भागांनाही सोबत नेतो.