व्हर्नियर घेऊन भवानी पेठेत: पहिल्या घराच्या खरेदीचा अभिप्राय

पुण्यात सहकारनगरमध्ये आम्ही जुन्या इमारतीतला दुसऱ्या मजल्यावरचा वन बीएचके घेतला. लिफ्ट नाही, पार्किंग स्कूटरपुरतं, पण मागच्या खिडकीतून तळजाई टेकडीची झाडं दिसतात. घराचे पैसे चुकते करून हातात जे उरलं ते बघून नवरा म्हणाला, "रंग देऊ आणि गाद्या टाकून झोपू." तो बँकेत आहे, त्यामुळे असल्या बाबतीत त्याचं सहसा खरंच असतं. तरी एका इंटिरियर कंपनीचं कोटेशन मागवलं. गुळगुळीत कागद, पहिली काही पानं कुठल्याशा परदेशी बंगल्यांचे फोटो, आणि पुढे 'प्रीमियम प्लाय', 'ब्रँडेड फिटिंग्ज', 'सुपीरियर फिनिश'. प्लायची ग्रेड नाही, जाडी नाही, वायरचा साइझ नाही. मी चाकणच्या एका कारखान्यात बाहेरून येणारा माल तपासते. चलनावर नुसतं 'प्रीमियम बोल्ट' लिहून कुणी माल पाठवला तर गाडी गेटवरच उभी राहते. फोन करून विचारलं, तर पलीकडून उत्तर आलं, "मॅडम, आपलं सगळं बेस्टच असतं."

मग ठरलं की सुताराला फक्त मजुरी द्यायची आणि माल आपण पेठांमधून आणायचा. हा अभिप्राय त्या बाजारांचा आहे. दुकानांची नावं देत नाही. एकाच गल्लीत शेजारीशेजारी दोन दुकानांत तोच माल असतो, फरक काउंटरमागच्या माणसाचा. तो कसा ओळखायचा ते सांगते.

सुरुवात भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटपासून, कारण निम्मे पैसे तिथेच जातात. पहिल्या दुकानात अठरा एमएमचा मरीन, म्हणजे पाण्याला टिकणारा प्लाय मागितला. शीट भिंतीला टेकवून उभी केल्यावर मी पर्समधून व्हर्नियर कॅलिपर, म्हणजे बारीक जाडी मोजायचं माप, काढलं. नवरा लगेच दोन पावलं मागे सरकून शेजारचे लॅमिनेटचे नमुने बघायला लागला. कोपऱ्यांवर आणि कडांच्या मध्यावर मापं घेतली. कुठे १६.४, कुठे १६.९. दुकानदार म्हणाले, "अठरा म्हणजे सोळाच येतो मॅडम, सगळीकडे असंच." पुढच्याही दुकानात हेच, फक्त आवाज जरा चढा.

दीड एमएमने काय बिघडतं असं नवऱ्यानेही विचारलं होतं. फळीचा ताठरपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. अठराच्या जागी साडेसोळा आला की तो जवळपास २३ टक्क्यांनी घटतो. पुस्तकांच्या लांब फळीला पोक येतो तो यामुळे, आणि बिजागरीच्या स्क्रूला धरायला लाकूडही कमी मिळतं. पैसे मात्र पूर्ण अठराचे. मी माझ्यापुरती पाच टक्क्यांची सूट धरली होती. म्हणजे १७.१ च्या खाली शीट घ्यायची नाही.

ज्या दुकानात शेवटी घेतला, तिथल्या काकांनी व्हर्नियर बघितलं आणि चष्मा कपाळावर सरकवला. "हा १७.४ भरेल. तो पलीकडचा साडेसोळा. तो ७८ रुपये स्क्वेअर फूट, हा ११२, वर १८ टक्के जीएसटी. पक्कं बिल मिळेल. बोला." मी मोजलं. १७.४ च भरला. मग त्यांनी स्वतःहून दोन्ही प्लायचे आणि एका साध्या एमआर (नुसत्या ओलाव्यापुरत्या) प्लायचा असे तुकडे कापून दिले आणि म्हणाले, "घरी उकळून बघा."

उकळले. मरीन प्लायचं भारतीय मानक आयएस ७१०, आणि त्यातल्या चाचणीत नमुना ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवतात. एवढा गॅस जाळायची आमची ऐपत नाही, म्हणून रविवारी वारज्याच्या भाड्याच्या घरात एका रिटायर झालेल्या पातेल्यात दिवसभर. नवरा भाजी घेऊन आला, झाकण उचललं आणि म्हणाला, "आज प्लायची आमटी का?" संध्याकाळपर्यंत एमआरचा तुकडा भिजलेल्या वहीसारखा सुटला. त्यातला युरियाचा डिंक गरम पाण्यापुढे टिकत नाही. मरीनमध्ये फिनॉलचा असतो. त्या दोन्ही तुकड्यांनी पाणी चहाच्या रंगाचं केलं, पण थर जागच्या जागी. म्हणजे साडेसोळावालाही डिंकाला पक्का होता, फक्त जाडीला कमी. हे कळल्यावर काकांवरचा विश्वास वाढला. स्वस्त मालाला त्यांनी उगाच खोटं पाडलं नव्हतं. पातेलं भंगारात गेलं.

यातून निघालेला निर्णय: सिंकखाली, ओट्याच्या खालच्या सगळ्या कपाटांना आणि बाथरूमच्या भिंतीला लागून येणाऱ्या कपाटाला मरीन. बेड आणि हॉलमधलं शेल्फ यांना चांगल्या जाडीचा एमआर पुरतो. घरभर मरीन लावणं म्हणजे हौस आहे. हौस असेल तर जरूर लावा.

आणखी एक गोष्ट तिथेच उभं राहून करता येते. शीटवर आयएसआयच्या खुणेखाली सीएम/एल ने सुरू होणारा नंबर असतो. मानक ब्यूरोच्या बीआयएस केअर नावाच्या अ‍ॅपमध्ये तो टाकला की लायसन कुणाचं आहे ते दिसतं. एका ठिकाणी मी फोन काढल्याबरोबर "ती शीट राहू द्या, दुसरी दाखवतो" असं झालं. मी दुसरी बघायला थांबले नाही.

टिंबर मार्केटचे गुण इथे कापते: किती शीट लागतील हे तिथे कुणी सांगत नाही. सुताराचा अंदाज सढळ असतो आणि दुकानाला तो आवडतो. मी आलेखाच्या कागदावर आठ बाय चारच्या शीट आखून कापाकापीचा नकाशा केला. आमचे मिस्त्री राजस्थानचे, पुण्यात मुरलेले. आधी हसले, मग कानावरची पेन्सिल काढून माझे काही काप उलटे फिरवले, कारण दरवाज्यांवर लॅमिनेटची रेघ उभी यायला हवी होती. ते मला सुचलं नव्हतं, आणि त्यांना शीट वाचवायचं कारण नव्हतं. दोघांच्या हिशेबाने मिळून खर्च बराच खाली आला. हमाली वेगळी, दर शीटला आणि दर मजल्याला. लिफ्ट नसेल तर ती आधी ठरवा, टेम्पो दारात आल्यावर नाही.

लॅमिनेटवरून आमचं भांडण झालं, ते दुकानदारांनी शांतपणे पाहिलं. त्यांना सवय असावी. नवऱ्याला मोरपिशी हवं होतं, मला राखाडी. कॅटलॉगमधला चार बोटांचा तुकडा पिवळ्या दिव्याखाली काहीही दिसतो. तिथल्या मुलाने पूर्ण शीट रस्त्यावर उन्हात नेऊन धरली. मोरपिशी उन्हात खरंच छान दिसत होतं, हे मी त्या वेळी बोलले नाही. तह असा झाला की स्वयंपाकघर त्याचं, कारण पोळ्या सोडून बाकी सगळं तो करतो, आणि बेडरूमचं कपाट माझं.

विजेच्या सामानाच्या तपकीर गल्लीला पैकीच्या पैकी. इतकं सरळ दुकान मला बाकी कुठे भेटलं नाही. आम्ही यादी पुढे केली, तर काउंटरवरच्या माणसाने ती बाजूला ठेवली आणि विचारलं, "इमारत केव्हाची? गीझर किती लिटरचा? एसी आत्ता की पुढे? अर्थिंग तपासलं का?" तपासलं होतं. निम्म्या पॉइंटपर्यंत अर्थिंगची वायर पोचलेलीच नव्हती. त्याने दिव्यांना दीडची, प्लगला अडीचची आणि गीझर-एसीला चार स्क्वेअर एमएमची वायर लिहिली. मी हिशेब मांडला की दोन हजार वॉटचा गीझर नऊ अँपिअरच्या आत खेचतो, अडीच पुरते. तो म्हणाला, "पुरते. पण उद्या मोठा गीझर घेतलात तर भिंत कोण फोडणार?" चारची घेतली. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे शॉक बसताच वीज तोडणारा स्विच, माझ्या यादीत होताच, पण नसता तर त्याने घालायला लावला असता असं वाटतं.

शोभेच्या दिव्यांचं मात्र त्याच गल्लीत वेगळं. तिथे किंमत तुमच्या चेहऱ्यावरून ठरते आणि नवऱ्याचा चेहरा फार लवकर खुलतो. त्याला बाहेर उभं करा. रंगाचं सांगायचं तर ६५०० केल्विनचा पांढरा दिवा मला आवडतो, त्याला तो दवाखान्यातला वाटतो. आकडा लहान तसा उजेड पिवळसर, म्हणून हॉलमध्ये ३०००, ओट्यावर ४०००. भाजी नीट निवडता येते, आणि पाहुण्यांचे चेहरेही बरे दिसतात.

बोहरी आळीत बिजागऱ्या, चॅनेल, कुलपं, स्क्रू, दोऱ्या, सगळं मिळतं, आणि फिरायला मजा येते. पण एक सावधगिरी. बाथरूमसाठी एसएस ३०४, म्हणजे चांगल्या ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलची टॉवेलपट्टी मागितली. दुकानदाराने खिशातून चुंबक काढलं, लावून दाखवलं, चिकटलं नाही. "बघा, अस्सल ३०४." आता, २०२ ग्रेडलाही चुंबक चिकटत नाही. दोन्हीत तो गुण सारखाच. फरक निकेलमध्ये आहे, २०२ मध्ये ते कमी, आणि तो बाथरूमच्या ओलीत काही महिन्यांनी गंजाच्या ठिपक्यांनी कळतो. मी हे सांगितलं तेव्हा चुंबक परत खिशात गेलं आणि "मग तुम्हीच ठरवा" असं उत्तर आलं. थोडं पुढे एका बाईंच्या दुकानात विचारलं. त्या म्हणाल्या, "ही २०२, ही ३०४. बिलावर ग्रेड लिहून देते, डाग पडला तर घेऊन या." सगळे नळ तिथूनच घेतले. बिलावर ग्रेड लिहायला जो तयार होतो त्याच्याकडून घ्या, चुंबक घरी फ्रिजवर लावा.

टाइल्सबद्दल फार सांगण्यासारखं नाही. कात्रज-कोंढवा रस्त्यावर दोन दुकानं बघितली की पुढची सगळी सारखी दिसायला लागतात. हॉलची जुनी मोझॅक आम्ही काढली नाही, पॉलिश करून घेतली, आणि ती नव्या टाइल्सपेक्षा चांगली दिसते असं आता दोन्हीकडच्या आया म्हणतात. तिथल्या ग्रॅनाइटवाल्याचा एक प्रश्न मात्र लक्षात राहिला: "ओटा कुणाच्या उंचीचा?" सासूबाई कऱ्हाडहून फोनवर ३२ इंच सांगत होत्या, मिस्त्री सवयीने ३४ धरून चालले होते, आणि मी नवऱ्यापेक्षा दोन बोटं उंच. शेवटी कामाच्या जागी प्लायच्या शीटची चळत रचून त्यावर परात ठेवली आणि दोघांनी आळीपाळीने कणीक मळून बघितली. उंची वाढवायची तर आणखी एक शीट टाकायची. ३५ वर त्याची पाठ सरळ आणि माझी तक्रार बंद. सासूबाई आल्या की पाटावर उभ्या राहून फोडणी देतात, पण तेवढं चालतं.

जुना बाजार रविवारी आणि बुधवारी भरतो, मंगळवार पेठेत. तिथे माझा व्हर्नियर निरुपयोगी आहे आणि नवरा राजा. त्याने पितळी कडी-कोयंडा शोधून काढला, कुठल्यातरी वाड्याच्या दाराचा असावा. सांगितलेल्या किमतीच्या निम्म्याला मिळाला म्हणून तो खूश होता. मला वाटतं पाव किमतीलाही मिळाला असता. चिंचेने घासल्यावर सुंदर निघाला. मिस्त्रींनी दाराला बसवताना तीनदा विचारलं, "पक्का यही लगाना है?" गरज म्हणून या बाजारात जाऊ नका, हवं ते मिळेलच असं नसतं. सकाळ मोकळी असेल तर जरूर जा.

पेठांमध्ये गाडी नेऊ नका, हे पुणेकरांना सांगायला नकोच. भूमिगत मेट्रो सप्टेंबर २०२४ मध्ये स्वारगेटपर्यंत सुरू झाल्यापासून मंडई स्टेशनला उतरून बोहरी आळी आणि तपकीर गल्ली दोन्ही पायी होतात. वायरचं बंडल मेट्रोतून आणलं तर कुणी वळूनही बघत नाही. प्लायला अर्थात टेम्पोच.

कुणी विचारेल, हे सगळं करायला वेळ आहे का? दोघांच्या नोकऱ्या सांभाळून आमचे बरेच शनिवार-रविवार यात गेले, आणि कंपनीला दिलं असतं तर आम्ही तेव्हा सिंहगडावर असतो. ज्यांच्याकडे पैसा आहे आणि वेळ नाही, त्यांनी कंपनीच गाठावी. फक्त कोटेशनवर ग्रेड, जाडी आणि वायरचा साइझ लिहून मागावा. लिहून दिलं तर कंपनी चांगली असण्याची शक्यता आहे.

राडारोड्याचं कलम त्या कोटेशनातही नव्हतं, आणि दुकानं ते सांगणार नाहीतच. टेम्पोवाला विचारतो, "कुठे टाकू?" आणि उत्तर दिलं नाही तर नदीकाठी किंवा टेकडीच्या पायथ्याशी रिकामा करतो. महापालिकेचा राडारोड्यावर प्रक्रिया करणारा प्रकल्प वाघोलीला आहे. अधिकृत उचलणाऱ्यालाच द्या, आणि ते भाडं बजेटमध्ये पहिल्या दिवशी धरा.

शेवटचं, हिशेब मिटवताना उपयोगी पडणारं: न उघडलेली वायरची बंडलं तपकीर गल्लीतल्या त्या माणसाने बिल दाखवल्यावर पूर्ण किमतीला परत घेतली. बोहरी आळीतल्या बाईंनी उरलेल्या बिजागऱ्यांच्या बदल्यात दुसरा माल दिला. टिंबर मार्केटमध्ये कापलेली शीट कुणीच घेत नाही. त्या तुकड्यांतून मिस्त्रींनी मसाल्याचा रॅक करून दिला. मजुरी लावली, पण कमी.