दोन खोक्यांवर एकच नंबर

मी रशियात, कझानला मेडिकलच्या चौथ्या वर्षाला आहे. घर सांगलीजवळ. गेल्या फेब्रुवारीत होस्टेलसमोरच्या बर्फावरून पाय सटकला आणि डोकं मागून आपटलं. पुढची काही मिनिटं मला आजही आठवत नाहीत. मग उलट्या सुरू झाल्या. स्कॅनमध्ये रक्तस्राव दिसला नाही, पण मेंदूला हादरा बसल्याचं निदान झालं आणि चार दिवस दवाखान्यात ठेवलं. तिथे मला रोज मेक्सिडोलचं इंजेक्शन देत होते. याच औषधाच्या नावाखाली माझी फसवणूक झाली. ती ज्या पद्धतीने झाली, त्याच पद्धतीने हा बनावट माल आता आपल्याकडच्या घरांपर्यंत पोचतोय, म्हणून सगळं लिहितोय.

रशियात मेक्सिडोल घरोघरी माहीत आहे. सोव्हिएत काळात प्रयोगशाळेत तयार झालेला हा रेणू, रचना ब-६ जीवनसत्त्वाशी मिळतीजुळती. पेशींची नासधूस करणाऱ्या ऑक्सिडीकरणाला तो आळा घालतो, म्हणून पक्षाघात, डोक्याचा मार, मेंदूला रक्त कमी पडणं, यांत इथले डॉक्टर तो देतात. चिंता, अस्वस्थपणा, दारू सोडतानाचा त्रास यांवरही तोच. मूळ रेणूचे डोळ्यांत घालायचे थेंब मिळतात. मेक्सिडोलच्या नावाची टूथपेस्टसुद्धा मिळते! अमेरिकेच्या किंवा युरोपच्या औषध नियामकांची मान्यता मात्र त्याला नाही, आणि त्याच्यावरचे बहुतेक अभ्यास रशियातच झालेत. मी स्वतः त्याला चमत्कार मानत नाही. डॉक्टरांनी लिहून दिलं, मी घेतलं, इतकंच. पण घरात कुणाला लकवा झाला की माणसं ‘रशियात मेंदूचं औषध मिळतं’ एवढ्या एका वाक्याला धरून बसतात. बनावट औषध विकणाऱ्यांचा धंदा त्याच वाक्यावर चालतो.

दवाखान्यात हे इंजेक्शन शिरेतून, अगदी सावकाश, पाच-सात मिनिटं घेऊन देत. पहिल्याच दिवशी तोंडात लोखंड चाटल्यासारखी चव आली आणि अंगभर ऊब पसरत गेली. मी घाबरलो. सिस्टर म्हणाल्या, असं होतं, माहितीपत्रकातही लिहिलेलं आहे. चारही दिवस ती चव आली. हे लक्षात ठेवा, पुढे त्याचाच उपयोग झाला.

सुट्टी मिळाली तेव्हा आणखी आठ इंजेक्शनं बाकी होती. ती पॉलिक्लिनिकमध्ये जाऊन घ्यायची, औषध आपलं आपण आणायचं. विम्यात ते बसत नव्हतं आणि घरून पैसे यायला आठवडा होता. तेव्हा एका सिनियरचा मेसेज आला. त्याचं नाव मी इथे लिहिणार नाही. पहिल्या वर्षी मला विमानतळावर घ्यायला आलेला, गणपतीत सगळ्यांसाठी मोदक करणारा माणूस. आम्ही त्याला दादा म्हणायचो. म्हणाला, “अरे, मेक्सिडोल हवंय ना? माझ्या ओळखीच्या आप्तेकातून आणलंय. खोक्यामागे तीनशे रुबल कमी दे. तू आपला माणूस आहेस.”

आप्तेका म्हणजे इथलं औषधाचं दुकान. मी त्याच्याकडून दोन खोकी घेतली, पाच-पाच अँप्युलची, म्हणजे इंजेक्शनच्या काचेच्या कुप्यांची.

मी काहीच तपासलं नाही असं नाही, आणि तेच मला जास्त लागतं. १ जुलै २०२० पासून रशियात औषधाच्या खोक्यावर एक बारीक चौकोनी कोड असतो. ‘चेस्तनी झ्नाक’, म्हणजे प्रामाणिक खूण, असं त्या व्यवस्थेचं नाव. तिचं अ‍ॅप फुकट आहे. मी एक खोकं स्कॅन केलं. मेक्सिडोल, कंपनी, मुदत, सगळं बरोबर आलं. हे औषध आधीच विकलं गेलंय, असंही खाली होतं. दादाने आप्तेकातून आणलंय म्हटल्यावर विकलेलं दिसणारच, असं मी धरलं. दुसरं खोकं स्कॅन केलंच नाही.

पॉलिक्लिनिकमधल्या पहिल्या इंजेक्शनला तोंडाला चव आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मला वाटलं, शरीराला सवय झाली असेल. दुसऱ्या दिवशी इंजेक्शननंतर अर्ध्या तासात हुडहुडी भरली, दोन ब्लँकेटं घेऊनही दात वाजत होते. रात्री ताप १०२ वर गेला. थंडीचे दिवस, मी सर्दीतापावर ढकललं.

तिसऱ्या दिवशी सिरिंज भरता भरता सिस्टरनी विचारलं, “चव येते ना रे तोंडाला?” त्या साठीच्या असतील, मला ‘सिनोक’ म्हणायच्या, म्हणजे बाळा. मी नाही म्हणालो आणि रात्रीच्या तापाचंही सांगितलं. त्यांनी सिरिंज खाली ठेवली. दोन्ही खोकी शेजारी शेजारी मांडली, चष्मा लावला आणि कोडच्या बाजूला छापलेला तेरा अक्षरी अनुक्रमांक बोटाने वाचत गेल्या. दोन्ही खोक्यांवर तोच. प्रत्येक खोक्याचा हा नंबर वेगळा असतो, एका नंबरची दोन खोकी असूच शकत नाहीत. कुठल्यातरी वापरलेल्या खऱ्या खोक्याची कुणीतरी हुबेहूब नक्कल छापली होती. कोड खरा, म्हणून अ‍ॅपने खरा दाखवला.

माझे पाय लटपटले. पैसे गेल्याचं तेव्हा मनातही आलं नाही. अँप्युलमध्ये जे काही होतं ते दोन दिवस माझ्या शिरेत गेलं होतं, एवढंच डोक्यात होतं. त्यांनी लगेच डॉक्टरांना बोलावलं, रक्त तपासायला पाठवलं. नशिबाने पुढे काही झालं नाही.

तिथूनच मी माझ्या बॅचमधल्या सोलापूरच्या मैत्रिणीला फोन लावला. तिच्या वडिलांना जानेवारीत पक्षाघात झाला होता आणि तिनेही दादाकडूनच एक खोकं घेतलं होतं. दुसऱ्या दिवशी पहाटे गावाला निघालेल्या एका मुलाच्या बॅगेत ते जाणार होतं. तिथले डॉक्टर अनोळखी इंजेक्शन द्यायला तयार नव्हते, म्हणून घराजवळच्या कंपाउंडरकडून टोचून घ्यायचं ठरलं होतं. मी म्हटलं, खोक्याचा फोटो पाठव. फोटो आला. तेच तेरा आकडे आणि अक्षरं, त्याच क्रमाने. ती रात्रीच त्या मुलाच्या खोलीवर गेली, बांधलेली बॅग उघडायला लावली आणि खोकं काढून घेतलं.

तिन्ही खोकी आणि उरलेली अँप्युल मी पॉलिक्लिनिकच्या मुख्य डॉक्टरांकडे लेखी जबाबासह दिली. त्यांनी औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्याला, रोसझ्द्रावनाद्झोरला, कळवलं. बनावट औषध मोठ्या प्रमाणावर विकणं हा इथे फौजदारी गुन्हा आहे. दादाला मी सांगितलं तर म्हणाला, “मलाही तसंच मिळालं, मी काय करू?” आठवड्याभरात तो होस्टेल सोडून गेला.

एक गोष्ट मला फार उशिरा कळली, ती तुम्हाला आधीच सांगतो. चेस्तनी झ्नाकची तपासणी आप्तेकाच्या काउंटरवर, पैसे देण्याआधी करायची असते. तेव्हा खोकं ‘न विकलेलं’ दिसायला हवं. हातोहात घेतलेल्या, बॅगेतून आलेल्या खोक्यावर तिचा काही उपयोग नाही. आपल्याकडेही १ ऑगस्ट २०२३ पासून ३०० ब्रँडच्या औषधांवर असा कोड छापावा लागतो, पण रशियातून पिशवीत आलेल्या औषधाला तिथे कोण विचारणार? कुणाकडे अशी दोन खोकी असतील तर ती शेजारी ठेवा आणि नंबर वाचा. दोन्हींवर नंबर एकच असेल तर कुणाला वाईट वाटेल याचा विचार करू नका, टोचणं तिथेच थांबवा.

मैत्रिणीच्या ओळखीतून कळलं की दादाने महाराष्ट्रातल्या आणखी दोन घरांत माल पाठवला होता. एका घरचा फोन लागला नाही. दुसरा एका काकूंनी उचलला. मी सगळं सांगितलं. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “संपली रे ती इंजेक्शनं आमची. गुण काही आला नाही. आम्ही रक्त पातळ व्हायची गोळी पण बंद केली होती, तो पाठवणारा म्हणाला होता दोन्ही एकत्र नको.” मी त्यांना आजच, आत्ताच त्यांच्या डॉक्टरांकडे जायला सांगितलं. संध्याकाळी त्यांचा मेसेज आला : गोळी पुन्हा चालू केली.